माझ्याकडे तर दिसतंय

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही कोणाला दाखवायची नाही. पण उद्या मी प्रेसचा प्रमुख झालो की लोक म्हणणार, जावई होता म्हणून झाला. तेव्हा निदान मला तरी माहीत असावं की मी कर्तबगारीवर झालो.

घडलं ते असं. पंप कंपनीचा सुट्या भागांचा कॅटलॉग आमच्या प्रेसमध्ये छापला जातो. वॉशर, रिंगा, बेअरिंगं, झाकणं, प्रत्येकाचा नंबर, माप, चित्र. एकूण शहाण्णव पानं, आणि सगळीच्या सगळी मी लावतो. आज कंपनीचा मॅनेजर आला. गोल, लाल, आणि सदैव आत हवा भरल्यासारखा. मी त्याला मनात फुगा म्हणतो. फुग्याने खुर्चीत बूड टेकायच्या आधीच जाहीर केलं की यंदापासून छपाई बंद, कॅटलॉग वेबसाइटवर हवा. मेकॅनिक लोक आता फोनवर भाग शोधतात म्हणे. शोधू देत. हात धुतात का आधी?

प्रेस सासऱ्यांची. फुगा गेल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की आता त्यांच्याने फार होत नाही, उन्हाळा सरता सरता ते घरी बसणार, आणि जो कोणी हा कॅटलॉग नीट वेबवर नेईल त्याने केबिन सांभाळावी. बोलताना ते थेट माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे मेहुणी उभी होती, हा योगायोग.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. आधी कुठल्या तरी कंपनीत वेबसाइट करायची. ती सोडून सहा महिन्यांपूर्वी इथे आली आणि जिन्याजवळच्या टेबलावर ठाण मांडून बसली. कशाला आली, कोणी बोलावली, देव जाणे.

छपाई बंद झाली तर पानं लावणाऱ्याचं काय, असा एक फालतू विचार जिना उतरताना आला. तो तिथेच सोडला.

४ मार्च, बुधवार. सकाळी १०

काम सुरू. वेब म्हणजे काही आकाशातून पडलेलं नाही. पान ते पान. स्टीलची पट्टी मॉनिटरला लावून समास मोजले. वर अठरा मिलिमीटर, खाली बावीस, आत पंधरा. पट्टी घसरून काचेवर एक बारीक ओरखडा आला. उलट बरंच झालं. आता डावा समास त्या ओरखड्याला धरून ठेवतो, रोज मोजायला नको.

दुपारी ४

मेहुणी नाक खुपसायला आली. म्हणाली, भाऊजी, वेबला असं ठरलेलं पान नसतं, प्रत्येकाचा स्क्रीन लहानमोठा, मजकुराने आपोआप त्यात बसायला हवं. मी तिला सांगितलं की इतकी वर्षं मी पानं लावतोय, एक ओळ माझ्या परवानगीशिवाय हललेली नाही. मजकुराला मोकळं सोडलं की तो माणसांसारखाच वागतो. ती हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

खालचा मशीनमन मला मिलिमीटरसाहेब म्हणतो. आदर कसा दाखवावा हे त्या माणसाकडून शिकावं.

संकल्प: रोज आठ पानं. बारा दिवसांत काम फत्ते. उरलेले दिवस मेहुणीचं तोंड बघायचं.

७ मार्च, शनिवार

एक पान झालं. पण काय पान!

उशिराची कारणं: (१) खुर्ची कुरकुरते. (२) मेहुणी फोनवर बोलते. (३) वॉशरच्या तक्त्यातले रकाने सरळ एकाखाली एक यायला हवेत, आणि त्यासाठी मला प्रत्येक आकड्याआधी स्पेसबार मारावा लागतो. मेहुणी म्हणते तक्ता करायची वेगळी सोय असते, दोन मिनिटांत दाखवते. दोन मिनिटांत झालेलं काम दोन मिनिटंच टिकतं. मी हाताने, एकेक स्पेस मोजून, रकाना उभा केला. ओळंबा लावून बघावा असा सरळ.

स्पेसबारचा आवाज ऐकून सासरे केबिनमधून दोनदा डोकावले. मेहनत ऐकू येते माणसाला.

१२ मार्च, गुरुवार

आज भांडण. सुरुवात मेहुणीची, शेवट माझा.

तिने माझ्या कॉम्प्युटरवर डोकावून विचारलं की पानाच्या चार कोपऱ्यांत या काळ्या रेघा कसल्या. कसल्या म्हणजे? कापायच्या खुणा! कागद कुठे कापायचा ते कटिंगवाल्याला कळायला नको? तर म्हणे, वेबसाइट कोण कापणार आहे. मी म्हटलं, आज कोणी कापत नाही म्हणून उद्या कोणी कापणारच नाही कशावरून.

मग कोऱ्या पानांवर आली. आमच्या कॅटलॉगमध्ये शेवटी तीन पानं कोरी असतात, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की सोळा पानं होतात, आणि हिशेब सोळाच्या पटीत बसवावा लागतो. मी तीच तीन कोरी पानं वेबवर ठेवली. ती म्हणाली, भाऊजी, माणूस फोनवर तीन रिकामी पानं बोटाने सरकवत बसेल. मी म्हटलं, बसू दे, तेवढीच विश्रांती.

सासरे मध्ये पडले. म्हणाले, जावईबापू, ती काय म्हणते ते एकदा ऐकून तर घ्या. मी ऐकून घेतलं. नंतर जे करायचं तेच केलं.

एकूण पानं झाली: तीन. कोरी धरून सहा.

१८ मार्च, बुधवार

जेवताना बायकोला माझं वॉशरचं पान तोंडी समजावून सांगत होतो. समास, ओळींमधलं अंतर, चित्राच्या खालची आडवी रेघ. तिने मध्येच विचारलं की आठवड्यात किती झाली. मी म्हटलं, दर्जा आणि संख्या या वेगळ्या गोष्टी. ती म्हणाली, तिची सत्तर झाली.

तिची! म्हणजे मेहुणीही पानं करतेय! चोरून! माझ्या पाठीमागे! जिन्याजवळ!

बायको म्हणाली, चोरून कसली, बाबांनीच दोघांना करायला सांगितलं होतं, त्या दिवशी तुम्हीही तिथेच होता. मला असं काही आठवत नाही. आणि सत्तर पानं एवढ्यात होतात म्हणजे काय दर्जाची असणार ते दिसतंच आहे. मी पाहिली नाहीत. पाहणारही नाही. घाण बघितली की नजर बिघडते.

बायको कोणाच्या बाजूने आहे हे आज कळलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण रक्त ते रक्तच.

२३ मार्च, सोमवार

विजय. सगळ्यांसमोर मी मागणी केली की माझं एक पान आधी नेटवर चढवा, मग बोला. मेहुणी तयार नव्हती. म्हणाली, भाऊजी, स्पेस मारून लावलेला तक्ता दुसऱ्या स्क्रीनवर सरकेल, नंबर इकडचे तिकडे होतील. मी म्हटलं, हा घे माझा मॉनिटर, दाखव कुठे सरकतोय. दाखवता आलं नाही. माझ्याकडे तर सगळं जागच्या जागी होतं. सासरे म्हणाले, एवढा आग्रह आहे तर टाक एक पान.

तोंड वाकडं करून तिने वॉशर आणि रिंगांचं माझं पान नेटवर चढवलं. फुग्याने ते आपल्या काही मेकॅनिक लोकांना पाठवलं.

संकल्प: केबिनमध्ये गेल्यावर मेहुणीचं टेबल जिन्याच्या खाली.

२७ मार्च, शुक्रवार

कट. सरळसरळ कट.

सकाळी फुगा आला तो फुटायच्या बेतातच. मेकॅनिकांच्या फोनवर म्हणे माझ्या तक्त्यातले आकडे खालच्या ओळीत घसरले. एका ओळीचा नंबर दुसरीसमोर. लोकांनी लहान पंपासाठी मोठ्या पंपाची रिंग मागवली, कंपनीने पाठवली, त्यांनी ती ठोकून बसवली, आणि आता अर्ध्या गावाचे पंप गळताहेत. एका हॉटेलच्या तळघरात घोट्याएवढं पाणी झालं. फुगा ओरडत होता आणि टेबलावर दोन रिंगा आपटत होता, एक लहान, एक मोठी.

मी शांतपणे त्याला माझ्या टेबलाशी नेलं आणि माझा मॉनिटर दाखवला. रकाने ओळंब्यात. एकही आकडा हललेला नाही. म्हटलं, माझ्याकडे तर दिसतंय. तो म्हणाला, तुमच्याकडे दिसून काय उपयोग, पंप काय तुमच्या टेबलावर आहेत? अत्यंत उर्मट माणूस.

माझं मत असं की चूक फोनची आहे. एवढ्याशा काचेत एवढं मोठं पान घुसवलं तर ते कुठून तरी बाहेर येणारच. शिवाय रिंग ठोकून बसवायची गोष्ट आहे का? कारागीरच राहिले नाहीत.

मेहुणी एक शब्द बोलली नाही. जिंकल्यावर गप्प बसायचं, हा तिचा नेहमीचा दुष्टपणा.

३० मार्च, सोमवार

सासऱ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले की जावईबापू, तुम्ही तुमची पानं तुमच्या कॉम्प्युटरवर निवांत पुरी करा, घाई नको, नेटवर चढवायचं काय ते ती बघेल.

अखेर कामाची वाटणी झाली. रचना माझी, हमाली तिची. चढवणं, उतरवणं, ओझी वाहणं. हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

बाहेर आलो तेव्हा मशीनमन माझ्याकडे बघत होता. नेहमीसारखं मिलिमीटरसाहेब म्हणाला नाही. त्यालाही घरचं काही असेल.

३ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५

साइट सुरू! परवापासूनच सुरू आहे म्हणे. मला कोणी सांगितलं नाही, पेढा नाही की फूल नाही. पण मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली आणि ऊर भरून आला. जशीच्या तशी. कापायच्या खुणांसकट.

आणि एक गंमत लक्षात आली. वर पट्टीत साइटचा पत्ता येतो ना, त्यात माझ्याच डेस्कटॉपचं नाव आहे, मग 'माझं काम', मग 'अंतिम', मग 'अंतिम खरंच'. मेहुणीचं नाव कुठेही नाही! म्हणजे साइट अधिकृतपणे माझ्या नावावर आहे. तिला वाटलं असेल मला कळणार नाही.

तिला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, भाऊजी, हे नेटवर नाहीये, ही तुमच्या कॉम्प्युटरमधली फाइल उघडलीय, ही तुमच्याशिवाय कोणालाच दिसत नाही. मी म्हटलं, पोटात दुखतंय का? ती परत जागेवर जाऊन बसली. चेहरा पडला होता बिचारीचा.

८ एप्रिल, बुधवार

आज पुरावाच मिळाला. सकाळपासून प्रेसचं इंटरनेट बंद. सगळे हात बांधून बसले. मेहुणी तर फोन कानाला लावून नेटवाल्याच्या विनवण्या करत होती. फक्त एकच साइट उघडत होती. माझी. टिचकी मारायचा अवकाश, हजर! इंटरनेट नसताना चालणारी वेबसाइट अख्ख्या जगात किती जणांनी केली असेल?

मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. मेहुणीने तोंडाला ओढणी लावली. रडत असावी. खांदे हलत होते.

संकल्प: उरलेली पानं मेअखेर. आतापर्यंत झाली: अकरा.

१५ एप्रिल, बुधवार

फुगा आला होता. आज हवा चांगली भरलेली. म्हणाला, साइट उत्तम झालीय, मेकॅनिक खूष, चुकीची मागणी एकही नाही, सांगा तुमच्या माणसांना. सासरे म्हणाले, सांगतो. मी केबिनच्या दारातच उभा होतो, त्यामुळे सांगायची गरज पडली नाही. मी पुढे होऊन नम्रपणे म्हटलं की मेहनत घेतली आहे. फुग्याने माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं. सासरे पेपरवेटकडे बघत होते.

जाताना फुगा म्हणाला की ती वरची शोधायची चौकट फार कामाची. आता माझ्या साइटवर शोधायची चौकट वगैरे नाही. अनुक्रमणिका आहे, पान क्रमांकासह. पण या अडाणी माणसाला अनुक्रमणिका म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही. चौकट तर चौकट. कौतुक करतोय ना.

एक खटकलं. साइट सुरू झाली तेव्हा माझी अकराही पानं झाली नव्हती. मग मेकॅनिक बाकीचे भाग कुठे बघतात? विचार केला. बहुधा अकरा पानांतच लोकांचं भागत असावं. चांगल्या रचनेत फार पानं लागत नाहीत.

२४ एप्रिल, शुक्रवार

थोरल्या भावाला साइटचा पत्ता पाठवला होता. त्याला आमच्या घराण्यात काय निपजलंय ते कळावं म्हणून. त्याचा फोन आला की पांढरं पान येतंय, वर लिहिलंय फाइल सापडत नाही. मी म्हटलं, तुझा फोन जुना. त्याने आपल्या मुलाच्या नव्या फोनवर बघितलं. तेच. ऑफिसात बघितलं. तेच. मग म्हणतो कसा, अरे तू नक्की काहीतरी केलंयस ना?

लहानपणापासून हाच सूर. माझ्याकडे तर दिसतंय म्हटलं आणि फोन ठेवला.

२ मे, शनिवार

भावाचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हटलं, एकदाच काय तो सोक्षमोक्ष. प्रत्यक्ष गिऱ्हाइकाकडे जाऊन दाखवू. दुसऱ्या कोणाचा फोन नको, मॉनिटर नको, वाद नको. माझा अख्खा कॉम्प्युटर, मॉनिटर, वायरी, सगळं टॅक्सीत घातलं आणि बाजारामागच्या पंप मेकॅनिकचं दुकान गाठलं.

त्याने टेबलावरच्या पंपाच्या दोन उघड्या मोटारी बाजूला सारून जागा करून दिली. जोडलं, सुरू केलं, दाखवलं. एकेक पान. तो खरोखर भारावला. म्हणाला, वा, छापल्यासारखं दिसतंय. हे शब्द मी विसरणार नाही. मग त्याने विचारलं की हे मशिन इथेच ठेवून जाणार का तुम्ही. मी म्हटलं, नाही, तुम्ही तुमच्याकडे उघडायचं. तो म्हणाला, आमच्याकडे उघडतो की आम्ही, आणि तेलकट अंगठ्याने फोनवर काहीतरी काढून माझ्यासमोर धरलं. मी बघितलं नाही. फोन फारच तेलकट होता.

परत येताना टॅक्सीत मॉनिटर मांडीवर होता. ओरखडा उन्हात चांगलाच मोठा दिसतो.

६ मे, बुधवार

केबिनला रंग देताहेत. सासऱ्यांनी गाजावाजा न करता काम काढलं. मला चकित करायचा विचार दिसतो. मी रंगाऱ्याची नजर चुकवून आत जाऊन पट्टीने मोजमाप घेतलं. टेबल खिडकीपासून नव्वद सेंटिमीटर. मागे माझी वॉशरची पानं फ्रेम करून.

रंग कोणता हे सासऱ्यांनी मेहुणीला विचारलं. बायकांना रंगाचं कळतं, त्यात वावगं काही नाही.

१९ मे, मंगळवार

मेहुणीचं टेबल केबिनमध्ये गेलं.

सासऱ्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की आजपासून प्रेस ती बघेल. सासूबाईही आल्या होत्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, न वाजवून काय करता. मेहुणी माझ्याजवळ येऊन म्हणाली, भाऊजी, तुमचं टेबल तिथेच राहील, तुम्हाला कोणी हलवणार नाही. जणू मी कपाट आहे!

बायकोने घरी विचारलं की बरं आहे ना. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. नीट बघितलं तर ती केबिन दाराच्या तोंडाशी आहे. आला-गेला आधी तिथेच डोकावणार. हिशेब, फोन, फुगा, सगळा ताप तिथे. खरं काम साइटचं, आणि साइट माझ्या नावावर आहे. सासरे धूर्त. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि मला काम.

जेवलो नाही. उकाड्यामुळे.

११ जून, गुरुवार. सकाळी ८

घरचा पंप बंद. टाकीत थेंब नाही. पंप चालू केला की नुसता गुरगुरतो आणि बुडाशी पाणी सोडतो. बायको बादली घेऊन शेजारी गेली. प्लंबरला फोन केला तर म्हणतो चार दिवस वेळ नाही, रिंग गेली असेल, भाग आणून ठेवा, येऊन बसवतो.

सकाळी ९

भाग! कोणता भाग, हे सांगणारा माणूस या घरातच आहे, हे प्लंबरला काय ठाऊक. पण माझा कॉम्प्युटर प्रेसमध्ये, मी अर्ध्या अंघोळीतून उठून, अंगावर साबण घेऊन पंपापाशी. शेवटी बायकोचा फोन घेतला आणि कंपनीचं नाव टाकलं.

उघडली! फोनवर! माझी साइट!

फोन बारका म्हणून समास दिसत नाहीत, कापायच्या खुणाही कडेबाहेर गेल्या असणार. पण पंपाच्या पट्टीवरचा नंबर टाकला आणि क्षणात तो पंप समोर, त्याचे सगळे भाग सुटे करून मांडलेले. चित्रातल्या गळक्या जागेवर बोट ठेवलं की ती रिंग मोठी होते, शेजारी नंबर, खाली साध्या शब्दांत लिहिलेलं की बुडाशी पाणी येत असेल तर बहुधा हीच. हीच! मी मागवली. साबण वाळायच्या आत काम झालं.

हे मी कधी केलं ते आठवेना. काही गोष्टी हातून आपोआप होऊन जातात. बावीस वर्षांचा हात आहे.

१३ जून, शनिवार

रिंग आली. प्लंबरची वाट न बघता मीच बसवली. सुबक बसली, ठोकावी लागली नाही. पंप सुरू केला आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. बायको खाली टॉर्च धरून उभी होती. तिला म्हटलं, बघितलंस? याला म्हणतात रचना. अंगाला साबण, हातात तुझा डबडा फोन, घरात पाणी नाही, डोकं फिरलेलं, आणि अशा माणसालाही पहिल्या झटक्यात बरोबर भाग सापडतो. लोक उगाच नाही खूष. तुझ्या बहिणीला सांग, शिक म्हणावं.

बायकोने टॉर्च बंद केला. म्हणाली, अहो, तिचीच आहे ती. पहिल्या दिवसापासून तिचीच आहे. तुमची पानं नेटवर गेलीच नाहीत. एक गेलं होतं, ते मॅनेजर ओरडून गेला त्याच दिवशी बाबांनी काढायला लावलं.

मी म्हटलं, मग मला कोणी सांगितलं का नाही. ती म्हणाली, सगळ्यांनी सांगितलं.

टाकी भरून वाहायला लागली तरी मी पंपापाशीच बसलो होतो. पंप तिने बंद केला.

फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही म्हणून. केबिनचं एवढं नाही वाटलं. मी फोन हातात धरून मनापासून वा म्हणालो होतो, त्याचं वाटलं.

१५ जून, सोमवार

प्रेसला गेलो. केबिनच्या दारावर टकटक केली. मेहुणीला सांगितलं की घरचा पंप बिघडला होता, साइटवरून रिंग मागवली, बरोबर आली. एवढंच सांगितलं. तिला बायकोकडून कळलं असेल की नाही, माहीत नाही. तिने विचारलं, भाऊजी, शोधताना कुठे अडलात का. मी म्हटलं, नाही. सगळं कळलं का. म्हटलं, कळलं.

तिने सांगितलं की साइटवर आता गिऱ्हाइकांचे अभिप्राय टाकायचे आहेत आणि अजून एकही आलेला नाही. माझं वाक्य टाकलं तर चालेल का. सासरे सहज चक्कर टाकायला आलेले, तेही कोपऱ्यात बसून होते. मी म्हटलं, टाक, पण नाव नको.

दुपारी आलं. 'भाग लगेच सापडला आणि नीट बसला. एक ग्राहक.'

बायकोच्या फोनवर दिसतं. भावाला विचारलं, त्याच्याकडेही दिसतं. फोनवर ते 'नीट'पाशी तुटतं आणि 'बसला' खाली एकटंच पडतं. कुठे तोडायचं ते मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.